गणितात मागे पडणाऱ्या प्राथमिक स्तरावरील विद्यार्थ्यांसाठी ध्येयनिश्चिती : संकल्पना, संशोधनाचा आधार व वर्गातील उपयोजन

गोषवारा

प्राथमिक स्तरावर गणितात मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी गेल्या तीन दशकांत अनेक शासकीय उपक्रम राबविण्यात आले. या सर्व उपक्रमांत विद्यार्थ्याने काय साध्य करावे हे निश्चित केलेले होते. मात्र ते ध्येय विद्यार्थ्यापर्यंत, त्याला समजेल व पेलेल अशा स्वरूपात, पोहोचविण्याच्या प्रक्रियेकडे तुलनेने कमी लक्ष दिले गेले. प्रस्तुत लेखात ध्येयनिश्चितीची संकल्पना, तिला असलेला मानसशास्त्रीय संशोधनाचा आधार, निदान व ध्येय यांचा संबंध आणि हातच्याच्या वजाबाकीच्या संदर्भात वर्गातील उपयोजन यांचे विवेचन केले आहे. देवळाली येथील गणिती द. रा. कापरेकर यांच्या संख्याप्रक्रियेचा श्रेणीबद्ध ध्येयांसाठी कसा उपयोग करता येतो हेही स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : ध्येयनिश्चिती, निकटवर्ती ध्येय, स्व-क्षमताविश्वास, नैदानिक चाचणी, उपचारात्मक अध्यापन, हातच्याची वजाबाकी.

१. प्रस्तावना

गणित हा श्रेणीबद्ध रचनेचा विषय आहे. स्थानिक किंमत समजली नाही तर हातच्याची बेरीज समजत नाही, वजाबाकी पक्की नसेल तर भागाकार अडतो आणि भागाकार अडला की अपूर्णांक व दशांश अपूर्णांक केवळ नियमांच्या पाठांतरापुरते उरतात. त्यामुळे इयत्ता दुसरी-तिसरीत राहिलेली उणीव पुढील प्रत्येक वर्षी वाढत जाते. भाषा किंवा परिसर अभ्यास या विषयांत एखादा घटक राहिला तरी विद्यार्थी पुढील घटक समजून घेऊ शकतो; गणितात ही सवलत फारशी मिळत नाही.

प्रथम या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत असलेल्या 'असर' सर्वेक्षणाने ही उणीव सातत्याने निदर्शनास आणली आहे. या सर्वेक्षणाचे गणिती साधन अगदी साधे असते : अंकओळख, दोन अंकी संख्यांची ओळख, दोन अंकी हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे. २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील इयत्ता तिसरीच्या ३३.७ टक्के मुलांना किमान वजाबाकी करता आली, तर इयत्ता पाचवीच्या ३०.७ टक्के मुलांना भागाकार करता आला. म्हणजेच पाचवीतील दहा मुलांपैकी सुमारे सात मुले भागाकाराच्या पायरीवर पोहोचलेली नव्हती.

या आकडेवारीमागे आणखी एक बाब आहे, जी या आकड्यांत दिसत नाही. वारंवार उत्तर चुकणारा विद्यार्थी हळूहळू 'मला गणित येत नाही' या निष्कर्षाप्रत येतो. आठ-नऊ वर्षे वयात काढलेला हा निष्कर्ष पुढे दहावीपर्यंत व त्यानंतर शाखा निवडण्यापर्यंत सोबत राहतो. महाविद्यालयातील प्राध्यापकांना प्रथम वर्षाच्या वर्गात सांख्यिकी, लेखाकर्म किंवा संशोधन पद्धती शिकविताना जे भय आढळते, त्याचे मूळ बरेचदा येथे असते. म्हणून हा प्रश्न केवळ प्राथमिक शिक्षकांचा नसून शिक्षक घडविणाऱ्या व उच्च शिक्षण देणाऱ्या सर्वांचा आहे.

२. पार्श्वभूमी : ध्येये कोणाची?

महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षणाला ध्येयांची उणीव कधीच नव्हती. डॉ. आर. एच. दवे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९१ मध्ये किमान अध्ययन क्षमता निश्चित केल्या. त्यावर आधारित क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम राज्यात १९९५ मध्ये आला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या अधिनियमाच्या कलम २४ नुसार प्रत्येक बालकाची अध्ययन क्षमता जाणून घेऊन आवश्यकतेनुसार त्याला पूरक अध्यापन देणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरले. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धती लागू झाली. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला. २०१७ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने इयत्तानिहाय अध्ययन निष्पत्ती प्रसिद्ध केल्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानाला सर्वोच्च अग्रक्रम देण्यात आला आणि ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात इयत्ता तिसरीच्या अखेरपर्यंत ही कौशल्ये प्रत्येक बालकाने प्राप्त करावीत, यासाठी २०२६-२७ हे लक्ष्यवर्ष ठरविण्यात आले. २०२३ मध्ये महाराष्ट्राने नियमांत बदल करून इयत्ता पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा लागू केली.

या सर्व प्रयत्नांचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि त्यांत एक समान सूत्र दिसून येते. ध्येय राज्याने वा देशाने ठरविले, ते शाळेला कळविले गेले, शिक्षकाने त्याची नोंद ठेवली आणि विद्यार्थी त्या नोंदीचा विषय झाला. 'इयत्ता तिसरीतील विद्यार्थी तीन अंकी संख्यांची वजाबाकी करतो' हे विधान शिक्षकाच्या दृष्टीने निष्पत्ती आहे. परंतु ज्याला अद्याप दोन अंकी वजाबाकी जमत नाही त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते ध्येय नसून केवळ दूरचे एक शिखर आहे. उद्या सकाळी वर्गात आल्यावर आपण नेमके काय करायचे, हे त्याला त्यातून कळत नाही. ध्येयनिश्चितीची वर्गातील प्रक्रिया ही नेमकी या दोहोंमधील दरी भरून काढण्याची प्रक्रिया होय.

३. ध्येयनिश्चिती : संकल्पना व घटक

ध्येयनिश्चितीचा सिद्धान्त प्रामुख्याने अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये मांडला व पुढे गॅरी लॅथम यांच्या सहकार्याने १९९० मध्ये ग्रंथरूपाने विस्तृत केला. 'जमेल तेवढे चांगले करा' अशा सर्वसाधारण सूचनेपेक्षा स्पष्ट व काहीसे आव्हानात्मक ध्येय दिल्यास कामगिरी सुधारते, हा या सिद्धान्ताचा गाभा आहे. ध्येयामुळे व्यक्तीचे लक्ष एका दिशेला केंद्रित होते, प्रयत्न वाढतात, चिकाटी टिकते आणि योग्य कार्यपद्धतीचा शोध घेतला जातो, असे चार परिणाम त्यांनी सांगितले आहेत. ध्येय परिणामकारक ठरण्यासाठी पाच बाबी महत्त्वाच्या मानल्या जातात : स्पष्टता, आव्हान, बांधिलकी, प्रत्याभरण आणि कार्याची गुंतागुंत.

हा सिद्धान्त मुख्यतः प्रौढांच्या कामाच्या ठिकाणी झालेल्या अभ्यासांतून विकसित झाला. त्यामुळे तो प्राथमिक वर्गात जसाच्या तसा लागू करणे योग्य ठरणार नाही. विशेषतः पाचवी बाब येथे निर्णायक आहे. जे कौशल्य व्यक्तीला आधीच येते, त्यात संख्यात्मक ध्येय उपयुक्त ठरते; परंतु जे कौशल्य अद्याप शिकायचेच आहे, त्यात 'दहा मिनिटांत वीस उदाहरणे' असे ध्येय दिल्यास विद्यार्थी गोंधळतो आणि चुकीच्याच पद्धतीचा वेगाने सराव करतो. अशा वेळी ध्येय हे निकालाचे न ठेवता शिकण्याचे ठेवणे आवश्यक असते.

४. प्राथमिक गणितातील संशोधनाचा आधार

या संदर्भात अल्बर्ट बांदुरा व डेल शुंक यांचा १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पायाभूत मानला जातो. वजाबाकीत अत्यंत कच्च्या असलेल्या व गणितात रस नसलेल्या ४० मुलांना ४२ पानांचे स्वयं-अध्ययन साहित्य सात सत्रांत देण्यात आले. एका गटाला प्रत्येक सत्रात सहा पाने पूर्ण करण्याचे निकटवर्ती ध्येय सुचविण्यात आले, दुसऱ्या गटाला सात सत्रांअखेर ४२ पाने पूर्ण करण्याचे दूरवर्ती ध्येय सुचविण्यात आले, तर तिसऱ्या गटाला कोणतेही ध्येय देण्यात आले नाही. तुलनेसाठी साहित्य न दिलेला चौथा गटही होता. साहित्य तेच, वेळ तोच आणि एकूण काम तेच असूनही निकटवर्ती ध्येय असलेल्या गटाचे वजाबाकीतील कौशल्य, स्व-क्षमताविश्वास आणि गणितातील आंतरिक रस हे तिन्ही सर्वाधिक वाढले. लक्षणीय बाब अशी की, दूरवर्ती ध्येय असलेल्या गटाला ध्येयाचा विशेष लाभ झाला नाही.

या निष्कर्षाचे स्पष्टीकरण सोपे आहे. सहा पाने पूर्ण झाली की विद्यार्थ्याला त्याच दिवशी आपल्या प्रगतीचा पुरावा मिळतो. असे पुरावे साचत गेले की 'मला हे जमते' हा विश्वास निर्माण होतो. बांदुरा यांच्या मते स्वतःच्या यशाचा प्रत्यक्ष अनुभव हा स्व-क्षमताविश्वासाचा सर्वांत प्रभावी स्रोत होय. शिक्षकाची स्तुती त्याची जागा घेऊ शकत नाही.

शुंक यांनी १९८५ मध्ये अध्ययन अक्षमता असलेल्या सहावीच्या विद्यार्थ्यांवर वजाबाकीच्याच संदर्भात अभ्यास केला. ज्या विद्यार्थ्यांनी आपली ध्येये स्वतः ठरविण्यात सहभाग घेतला, त्यांचा स्व-क्षमताविश्वास व कौशल्य इतरांपेक्षा अधिक आढळले. १९९६ च्या त्यांच्या अभ्यासात चौथीचे विद्यार्थी अपूर्णांक शिकत होते. काहींना 'उदाहरणे कशी सोडवायची हे शिकणे' असे ध्येय दिले, तर काहींना 'उदाहरणे सोडविणे' असे. ज्यांना केवळ उदाहरणे सोडविण्याचे ध्येय होते आणि ज्यांनी स्वतःच्या प्रगतीचे मूल्यमापन केले नाही, तो गट अन्य गटांच्या मागे राहिला.

या तीन अभ्यासांवरून वर्गासाठी तीन सूत्रे काढता येतात. पहिले, ध्येय जवळचे असावे. दुसरे, ते ठरविण्यात विद्यार्थ्याचा वाटा असावा. तिसरे, ते शिकण्याशी निगडित असावे व विद्यार्थ्याने स्वतःची प्रगती स्वतः तपासावी.

५. निदानाशिवाय ध्येय नाही

ध्येय ठरविण्यापूर्वी विद्यार्थी नेमका कोठे अडला आहे, हे जाणणे अपरिहार्य आहे. हातच्याच्या वजाबाकीचे उदाहरण घेऊ. ५२ मधून २७ वजा करताना एखाद्या विद्यार्थ्याने ३५ असे उत्तर लिहिले. हे उत्तर किमान दोन वेगळ्या कारणांनी येऊ शकते. एक विद्यार्थी स्थान न पाहता नेहमी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो. तो एककस्थानी ७ मधून २ वजा करून ५ लिहितो. दुसरा विद्यार्थी दशक सुटा करून १२ मधून ७ वजा करतो व ५ लिहितो. मात्र दशकस्थानचे ५ कमी करून ४ करायचे विसरतो. दोघांचेही उत्तर ३५ येते. तपासणाऱ्याच्या लाल शाईला दोन्ही चुका सारख्याच दिसतात. प्रत्यक्षात पहिल्याला दशक सुटा करण्याची कल्पनाच समजलेली नाही, तर दुसऱ्याला ती समजली असून केवळ एक पायरी निसटते.

येथे उदाहरणाची निवड महत्त्वाची ठरते. ६१ वजा २८ हे उदाहरण दिल्यास पहिला विद्यार्थी ४७ लिहील व दुसरा ४३ लिहील; बरोबर उत्तर ३३ आहे. आता चुकीचे उत्तरच कारण सांगते. अशा चुका यादृच्छिक नसून त्यामागे विद्यार्थ्याची स्वतःची एक सुसंगत, पण सदोष पद्धत असते, हे जॉन सीली ब्राउन व रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीच्याच अभ्यासातून दाखवून दिले होते. या दोन विद्यार्थ्यांना 'रोज दहा वजाबाक्या सोडवा' असे एकच ध्येय देणे म्हणजे दोन वेगळ्या आजारांवर एकच औषध देण्यासारखे होय.

मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांच्या बाबतीत निदानाची आणखी एक पायरी आवश्यक आहे. मराठी संख्यानामांत एकक आधी व दशक नंतर उच्चारला जातो. 'त्रेपन्न' ऐकताना तीन आधी ऐकू येतात, म्हणून काही विद्यार्थी ३५ लिहितात. 'एकोणसाठ' हे नाव तर साठाचा उल्लेख करते. पण संख्या पन्नासच्या घरातील असते. हीच अडचण लक्षात घेऊन २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या बालभारतीच्या गणित पुस्तकात 'एकवीस' सोबत 'वीस एक' अशा वाचनाचा समावेश करण्यात आला. त्यावर राज्यभर मोठा वाद झाला व गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलामागील शैक्षणिक कारण स्पष्ट केले. त्या वादातील भाषिक बाजू काहीही असो. वजाबाकीत चुकणारा विद्यार्थी मुळात संख्या ऐकून लिहितानाच चुकत नाही ना, हे तपासल्याशिवाय त्याचे ध्येय ठरविता येणार नाही, एवढे मात्र निश्चित.

६. ध्येयाची मांडणी

निदानानंतर ध्येयाची शब्दरचना करावयाची असते. 'गणितात सुधारणा करायची', 'लक्ष देऊन अभ्यास करायचा' ही वाक्ये ध्येये नव्हेत. कारण ती साध्य झाली की नाही, हे विद्यार्थ्याला स्वतः ठरविता येत नाही. वर उल्लेखिलेल्या पहिल्या विद्यार्थ्यासाठी पुढील ध्येय योग्य ठरेल : 'या आठवड्यात रोज चार वजाबाक्या काड्यांचे गठ्ठे सोडून करीन आणि गठ्ठा का सोडावा लागला ते शेजारच्या मित्राला सांगेन.' दुसऱ्या विद्यार्थ्यासाठी ध्येय वेगळे असेल : 'रोज सहा वजाबाक्या करीन आणि प्रत्येकीत दशक कमी केल्याची खूण वर लिहीन.' पहिल्याचे ध्येय समजण्याचे आहे, दुसऱ्याचे अचूकतेचे आहे. वेगाचे ध्येय या दोघांनाही अद्याप द्यावयाचे नाही.

ध्येयाची पातळी ठरविताना विद्यार्थी आज किती करू शकतो, याला आधार मानावे. सहापैकी दोन उदाहरणे बरोबर येत असतील तर पुढील ध्येय चार असावे, सहा नव्हे. अतिसोपे ध्येय विद्यार्थ्याला 'आपल्याकडून गुरुजींना फारशी अपेक्षा नाही' असे सुचविते, तर अतिकठीण ध्येय अपयशाची आणखी एक नोंद वाढविते.

ध्येयावरील संवाद दोन-तीन मिनिटांचाच असावा. त्याचे स्वरूप साधारणतः असे असू शकेल :

'काल सहापैकी किती जमली?'
'चार, बाई.'
'कोणती दोन राहिली?'
'शून्य असलेली.'
'मग उद्या काय करू या?'
'शून्याची तीनच करतो. पण गठ्ठे घेऊन.'

या संवादात शिक्षिकेने ध्येय सांगितलेले नाही; प्रश्नांच्या आधारे ते विद्यार्थ्याकडून काढून घेतले आहे. ५० वजा २७ अशा उदाहरणांत आपण अडतो, हे विद्यार्थ्याने स्वतः ओळखले. 'मला वजाबाकी येत नाही' या विधानापासून 'शून्य असलेली वजाबाकी राहिली आहे' या विधानापर्यंतचा प्रवास हाच ध्येयनिश्चितीचा खरा लाभ आहे. पहिले विधान स्वतःविषयीचा निकाल आहे, दुसरे पुढील कामाचे वर्णन आहे.

नोंदीसाठी वहीच्या शेवटच्या पानावर चार रकाने पुरेसे आहेत : माझे ध्येय, मी कसे करणार, किती जमले, आता पुढे काय. ही नोंद विद्यार्थ्याने स्वतः ठेवावी. ती भिंतीवर लावू नये. सर्वांच्या नावांपुढे तारे चिकटविलेला तक्ता मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याला रोज त्याचे स्थान दाखवितो. येथे तुलना विद्यार्थ्याच्या कालच्या कामाशी अपेक्षित आहे, शेजाऱ्याच्या कामाशी नव्हे.

७. कापरेकर प्रक्रियेवर आधारित श्रेणीबद्ध ध्येये

नाशिक परिसराला या विषयासाठी एक अनमोल वारसा लाभला आहे. द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) हे १९३० ते १९६२ या काळात देवळाली येथे शालेय शिक्षक होते. त्यांच्या संशोधनातील काही संख्यांना 'देवळाली संख्या' असेही नाव आहे. ६१७४ या संख्येचा त्यांचा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडावेत व वजाबाकी करावी. ही क्रिया पुनःपुन्हा केल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या मिळते.

तीन अंकी संख्यांच्या बाबतीत हीच प्रक्रिया ४९५ या संख्येवर थांबते. उदाहरणार्थ, ३५२ घेतल्यास ५३२ − २३५ = २९७, ९७२ − २७९ = ६९३, ९६३ − ३६९ = ५९४ आणि ९५४ − ४५९ = ४९५. ध्येयनिश्चितीच्या दृष्टीने या प्रक्रियेची तीन वैशिष्ट्ये आहेत.

पहिले, येथील प्रत्येक वजाबाकीत एकक व दशक या दोन्ही स्थानी हातचा घ्यावा लागतो. म्हणजे विद्यार्थ्याला नेमक्या कठीण कौशल्याचाच सराव मिळतो.

दुसरे, उत्तर तपासण्याची सोय प्रक्रियेतच आहे. बरोबर उत्तरात मधला अंक नेहमी ९ असतो व बाजूच्या दोन अंकांची बेरीजही ९ असते. उत्तर दोन अंकी ९९ आले तर त्याआधी शून्य मानून ०९९ असे लिहावे. आधी सांगितलेल्या दोन्ही सदोष पद्धतींनी ५३२ − २३५ चे उत्तर अनुक्रमे ३०३ व ३०७ येते. मधला अंक ९ नसल्याने चूक विद्यार्थ्याच्या स्वतःच्याच लक्षात येते. शिक्षकाने वही तपासेपर्यंत थांबावे लागत नाही. मोठ्या पटसंख्येच्या किंवा एकशिक्षकी, द्विशिक्षकी शाळेत ही बाब विशेष मोलाची आहे.

तिसरे, ध्येयाची काठिण्यपातळी शिक्षकाला आधीच ठरविता येते. पायऱ्यांची संख्या केवळ सर्वांत मोठा व सर्वांत लहान अंक यांच्यातील फरकावर अवलंबून असते. फरक ५ असल्यास एक पायरी, ६ असल्यास दोन, ४ किंवा ७ असल्यास तीन, ३ किंवा ८ असल्यास चार, २ किंवा ९ असल्यास पाच आणि १ असल्यास सहा पायऱ्या लागतात. त्यामुळे पहिल्या दिवशी ७२२ ही संख्या द्यावी (७२२ − २२७ = ४९५), दुसऱ्या दिवशी ३७१ द्यावी (५९४, ४९५) आणि आठवड्याअखेर २११ सारखी सहा पायऱ्यांची संख्या द्यावी. सर्व विद्यार्थी एकाच खेळात सहभागी असतात. प्रत्येकाचे ध्येय मात्र वेगळे असते व ते कोणाच्या नजरेत येत नाही. शेवटी ४९५ गाठल्याचा आनंद विद्यार्थ्याचा स्वतःचा असतो.

दोन अंकी संख्यांच्या बाबतीत प्रक्रिया एका संख्येवर न थांबता ९, ८१, ६३, २७, ४५ अशा चक्रात फिरते. मात्र ९ ही संख्या ०९ अशी लिहावी लागते. ही सर्व उत्तरे नवाच्या पाढ्यात असल्याने दुसरी-तिसरीच्या विद्यार्थ्यांना तपासणीसाठी तेवढा आधार पुरेसा होतो.

अर्थात ही प्रक्रिया संकल्पना समजल्यानंतरच्या दृढीकरणासाठी आहे. ज्याला दशक सुटा करण्याचा अर्थच समजलेला नाही, त्याला प्रथम काड्या, मणी किंवा नोटांच्या साहाय्याने तो समजावून द्यावा लागेल.

८. स्थानिक परिस्थिती व मर्यादा

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागातील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या आदिवासीबहुल तालुक्यांतून अनेक कुटुंबे कामाच्या हंगामात दिंडोरी, निफाड परिसरातील द्राक्षबागांकडे येतात. कुटुंबासोबत मुलेही स्थलांतर करतात व त्यांची उपस्थिती खंडित होते. सत्राअखेरचे ध्येय अशा विद्यार्थ्याच्या बाबतीत अर्थहीन ठरते. आठवड्याचे ध्येय व त्याची वहीतील नोंद मात्र विद्यार्थ्यासोबत जाऊ शकते. परत आल्यावर किंवा दुसऱ्या शाळेत गेल्यावर कोठून सुरुवात करावी, हे नव्या शिक्षकाला त्या पानावरून कळू शकते.

ध्येयनिश्चितीच्या मर्यादाही ध्यानात घेणे आवश्यक आहे. ध्येय हा अध्यापनाचा पर्याय नाही. न शिकविलेल्या गोष्टीचे ध्येय ठेवून ती येत नाही. ज्या विद्यार्थ्याला सातत्याने पूरक अध्यापन देऊनही संख्याबोध होत नाही, त्याच्या बाबतीत डिस्कॅल्क्युलिया म्हणजेच गणन-अक्षमतेची शक्यता तपासावी लागते. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये करण्यात आला आहे. अशा विद्यार्थ्याला ध्येय न गाठल्याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. त्याचप्रमाणे उपाशी, आजारी किंवा घरी लहान भावंडे सांभाळणाऱ्या मुलाच्या अडचणी वहीतील चार रकान्यांनी सुटत नाहीत.

आणखी एक धोका व्यवस्थेच्या पातळीवरील आहे. ध्येयांच्या अतिरेकी वापरामुळे दृष्टी संकुचित होते व गैरमार्गाचा मोह वाढतो, असा इशारा लिसा ऑर्डोनेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दिला होता. विद्यार्थ्याची साप्ताहिक ध्येये जर शाळेच्या वा शिक्षकाच्या मूल्यमापनासाठी वर पाठविली जाऊ लागली, तर सोपी ध्येये ठेवून शंभर टक्के पूर्तता दाखविण्याची प्रवृत्ती बळावेल. मग वहीतील ते पान विद्यार्थ्याचे न राहता आणखी एक प्रपत्र होईल. म्हणून या नोंदी वर्गातच राहणे हे त्यांच्या प्रामाणिकपणासाठी आवश्यक आहे. ध्येय न गाठण्याची मुभा असेल तरच विद्यार्थी खरे ध्येय सांगतो.

९. अध्यापक शिक्षणासाठी सूचना

१) अध्यापक विद्यालये व शिक्षणशास्त्र महाविद्यालयांतील छात्राध्यापकांना आंतरवासितेच्या काळात किमान दोन विद्यार्थ्यांचे नैदानिक विश्लेषण करून सहा आठवड्यांची ध्येयनोंद ठेवण्याचे प्रात्यक्षिक देता येईल.

२) पाठ टाचणातील 'उद्दिष्टे' शिक्षकाच्या भाषेत लिहिली जातात. त्यांतील एक उद्दिष्ट विद्यार्थ्याच्या भाषेत, 'मी' ने सुरू होणाऱ्या वाक्यात लिहिण्याचा सराव छात्राध्यापकांना द्यावा.

३) चुकीच्या उत्तरावरून कारण ओळखता येईल अशी उदाहरणे तयार करण्याचे कौशल्य गणित अध्यापन पद्धतीच्या अभ्यासक्रमात समाविष्ट व्हावे.

४) जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आणि महाविद्यालये यांनी एकत्रितपणे कृतिसंशोधन हाती घेऊन मराठी माध्यमाच्या वर्गांत निकटवर्ती ध्येयांचा परिणाम तपासावा. १९८१ च्या अभ्यासातील रचना मर्यादित साधनांतही अनुसरता येण्याजोगी आहे.

१०. समारोप

गणितात मागे पडणारा विद्यार्थी हा प्रयत्न न करणारा विद्यार्थी असतोच असे नाही. बरेचदा त्याने प्रयत्न केलेले असतात. परंतु ते कोठे पोहोचले, हे त्याला कोणी दाखविलेले नसते. वार्षिक निष्पत्ती व आजचा तास यांच्यामधील अंतर लहान, स्पष्ट व स्वतः ठरविलेल्या पायऱ्यांत विभागणे, प्रत्येक पायरी तपासण्याचे साधन विद्यार्थ्याच्याच हाती देणे आणि न जमलेल्या पायरीला अपयश न मानता पुढील ध्येयाचा आधार मानणे, एवढेच ध्येयनिश्चितीचे सार आहे. त्यासाठी नवे साहित्य, नवा निधी वा नवा शासन निर्णय लागत नाही. वहीचे एक पान, रोजची तीन मिनिटे आणि विद्यार्थ्याचे उत्तर ऐकून घेण्याची शिक्षकाची तयारी एवढे भांडवल त्यास पुरेसे आहे. त्या बदल्यात एखादा विद्यार्थी 'मला गणित येत नाही' ऐवजी 'मला अजून भागाकार यायचा आहे' असे म्हणू लागला, तर त्याच्या पुढील संपूर्ण शिक्षणाची दिशा बदलू शकते.